हाय-प्रेशर कॉम्प्रेसर (३०० बार) : तेल गळतंय, हेड तापतंय. आधी काय उघडावं?

रेंजवाली

नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्याला आमची १० मीटर एअर रायफल आणि पिस्तूलची छोटी रेंज आहे, बहुतेक शाळकरी मुलं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेंना ब्राँझ मिळाल्यापासून चौकशा खूप वाढल्या. त्यांचा प्रकार ५० मीटरचा, त्याला हवा भरावी लागत नाही, पण आमच्याकडे येणारं प्रत्येक मूल सुरुवात १० मीटरनेच करतं आणि प्रत्येकाच्या रायफलला हवा लागते.

कॉम्प्रेसर दोन स्टेजचा (म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारा), सिंगल फेज, १.८ किलोवॅट, मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर. हेडला (सिलिंडरच्या वरच्या भागाला) पाण्याचं कूलिंग, म्हणजे बादलीत सोडलेला कूलरचा पंप. यावर आम्ही ६.८ लिटरची टाकी ३०० बारला भरतो आणि टाकीतून मुलांचे सिलिंडर २०० बारपर्यंत.

पावसाळा सुरू झाल्यापासून मोटर आणि क्रँककेस (पंपाचा खालचा, तेल असलेला डबा) जिथे जोडलेत तिथून तेल झिरपायला लागलं. ऑइल सील बदलून घेतलं. थोडे दिवस कोरडं राहिलं आणि परत तेच. शिवाय हेडचा काटा आधी ५५ अंशांच्या आसपास रेंगाळायचा, तो आता २०० बारच्या पुढे गेलं की ७५ ओलांडतो. टाकी भरायला वेळही जास्त लागतोय. विकणाऱ्याला विचारलं तर "तेल कमी पडलं असेल, वर टाका" एवढंच उत्तर.

बालेवाडीला मुलांच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. सील पुन्हा बदलू, की हेड उघडू? दोन्ही एकदम खोलायची हिंमत होत नाही.

---

भोसरी_फिटर

ताई, सील पुन्हा बदलू नका आणि तेलही वर टाकू नका. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, मला त्या एकच वाटतायत.

नवं सील थोडे दिवस टिकून परत गळतं, तेव्हा बहुतेक वेळा सील वाईट नसतं, आतून त्याला कोणीतरी ढकलत असतं. ऑइल सील दाब धरायला बनलेलंच नाही. ते फक्त तेल पुसून आत ठेवतं. क्रँककेसमध्ये हवा कोंडली की तेल सगळ्यात मऊ जागा शोधतं, आणि ती जागा म्हणजे शाफ्टचं सील.

हवा कोंडायची कारणं दोन. एक, ब्रीदर चोंदला. तेल भरायच्या टोपीत बारीक भोक असतं, त्यात जाळी असते, तिथे तेलाचा चिकटा आणि धूळ बसते. काही मशीन वाहतुकीसाठी बंद टोपी लावून येतात आणि भोकाची टोपी पिशवीत वेगळी असते, तेही एकदा पाहून घ्या. दोन, पिस्टनच्या रिंगा झिजून वरची हवा खाली येते. ट्रकवाले म्हणतात ना, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, तेच.

रिंगेवरून हवा खाली आली तर ती हवा टाकीत जात नाही, म्हणून वेळ जास्त लागतो. वेळ जास्त म्हणजे ताप जास्त. ती हवा गरम असते, म्हणजे क्रँककेसमधलं तेलही तापतं, पातळ होतं, आणि पातळ तेल आणखी सहज गळतं. त्यामुळे तुमच्या तिन्ही गोष्टी एका रेषेत बसतात.

उघडायच्या आधी एक करा. मशीन थंड असताना सगळं तेल पुसून कोरडं करा. डिझेलचा बोळा फिरवा, मग कोरडं फडकं. त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, जोडावर, साइट ग्लासच्या (तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या) कडेला, ड्रेन बोल्टला, सिलिंडर जिथे बसतो त्या बुडाशी. पाच मिनिटं चालवून बंद करा. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथून निघेल तिथून गळती. खाली साचलेल्या तेलावरून अंदाज बांधू नका, पंख्याच्या वाऱ्याने तेल भलतीकडे जातं.

---

नाना_पेठ

काकांच्या म्हणण्याला जोडून. सील बदललंच असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे हवी, उलटं बसलं तर गळणारच. आणि शाफ्टवर जिथे सीलची ओठी घासते तिथे नखाने चाचपा. चर लागली तर कितीही भारी सील घातलं तरी चरीतून तेल येणार. अशा वेळी सील घराच्या आत एखाद मिलिमीटर पुढे-मागे बसवतात, म्हणजे ओठी न घासलेल्या जागी येते. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी लागते.

दुकानात जाताना जुनं सील बरोबर न्या किंवा त्याच्यावरचे तीन आकडे लिहून न्या : शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी. मटेरियल विचारून घ्या. काळं साधं नायट्रायल साधारण १०० अंशांपर्यंत ठीक, व्हायटॉन २०० पर्यंत सहन करतं. अशा तापणाऱ्या मशीनला व्हायटॉनच घाला, किमतीतला फरक सोसण्यासारखा आहे.

---

आकडेमोड

हेड का तापतं यावर थोडं गणित लिहितो, कारण "हे मशीन तापतंच" असं म्हणून लोक सोडून देतात.

३०० बार दोन स्टेजमध्ये करायचं म्हणजे प्रत्येक स्टेजने हवा सुमारे १७ पट दाबायची. उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर ३० अंशांची हवा एका दाबात ४०० अंशांच्या पुढे जाते. हेच काम चार स्टेजमध्ये केलं आणि प्रत्येक स्टेजनंतर हवा थंड केली, तर प्रत्येक वेळी दाब साधारण चारपट वाढतो आणि तापमान १८० अंशांच्या आसपास राहतं. मोठे हाय-प्रेशर कॉम्प्रेसर तीन-चार स्टेजचे असतात ते याचसाठी. प्रत्यक्षात पाणी उष्णता ओढत असतं, त्यामुळे आकडे कमी येतात. पण दोन स्टेजच्या मशीनमध्ये चुकायला जागाच कमी ठेवलेली असते हे नक्की. हेडवर दिसतात ते ७५ अंश धातूचे आहेत, आत व्हॉल्व्हपाशी हवा त्याहून कितीतरी गरम असते.

आता बादली. १८०० वॅटपैकी निम्मी उष्णता पाण्यात गेली असं धरा. २० लिटरची बादली दर दहा मिनिटांना ६ अंशांहून जास्त तापते. तासभर टाकी भरत बसलात तर बादलीतलं पाणी आंघोळीचं होतं आणि मग ते हेड थंड करणार कसं? १०० लिटरचं पिंप ठेवलं तर हीच वाढ दहा मिनिटांना सव्वा अंशाच्या आसपास येते. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

आणि पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण ६ टक्के विरळ. माहितीपत्रकात लिहिलेल्या वेळेपेक्षा आपल्याकडे थोडा जास्त वेळ लागणारच, तेवढ्याने घाबरू नका. पण कालपर्यंत लागायचा त्याहून आज जास्त लागतोय, तर आत काहीतरी झिजलंय.

---

बावधनकर

पाणी कुठलं वापरता? आमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी. हेडच्या पाण्याच्या वाटेत क्षार बसून माझं मशीन असंच तापायला लागलं होतं.

ओळखायची खूण सांगतो. हेडमधून परत येणाऱ्या नळीखाली बोट धरा. पाणी बारीक धारेने आणि कढत येत असेल तर प्रवाह कमी आहे : पंप गाळाने भरलाय, नळी पिळली गेलीय किंवा वाट अरुंद झालीय. धार जोरात पण पाणी जेमतेम कोमट, आणि हेड मात्र हात लावू देत नाही, असं असेल तर आत क्षारांचा थर बसलाय आणि धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात घालून थंड मशीनमध्ये फक्त पंप चालू ठेवून अर्धा तास फिरवा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा. संडासाचं अॅसिड चुकूनही वापरू नका, अॅल्युमिनियम खाऊन टाकतं.

---

रेंजवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी महापालिकेचं आहे, परतीची धार जोरात आणि चांगली गरम येते, म्हणजे तिथे ठीक दिसतंय. आजच १०० लिटरचं पिंप आणलं.

पावडर टाकून पाहिलं. मोकळं चालवलं, म्हणजे ब्लीड व्हॉल्व्ह उघडे ठेवून, तर जोड पूर्ण कोरडा. व्हॉल्व्ह बंद करून दाब चढवला, आणि १५० बारच्या आसपास जोडाच्या खालच्या बाजूला एक थेंब फुगला, पावडर ओली करत खाली सरकला आणि त्याच्या मागोमाग दुसरा. दाब सोडला की थांबतं. ब्रीदरची जाळी काढून पेट्रोलने धुतली, आरपार उजेड दिसतो. तरी तेच.

---

भोसरी_फिटर

झालं मग ताई, तुम्ही निम्मं निदान केलंत. मोकळं चालताना कोरडं आणि दाबावर गळतं, म्हणजे सील आणि तेलाची पातळी दोन्ही सुटले. दाब चढेल तशी हवा खाली येतेय, म्हणजे दुसऱ्या स्टेजच्या, बारक्या पिस्टनच्या रिंगा. पहिल्या स्टेजच्या असत्या तर मोकळं चालतानाही थोडं दिसलं असतं.

खात्री करायची तर तेलाच्या टोपीच्या जागी पातळ रबरी हातमोजा सैलसर रबरबँडने लावा. घट्ट नाही, दाब जास्त झाला तर उडून गेला पाहिजे. मोटरच्या पंख्यापासून लांब. मोकळं चालताना मोजा धपधप हलेल, ते नॉर्मल आहे, पिस्टन वर-खाली होताना आतली हवा हलते. आता हळूहळू १५० बारला न्या. मोजा बोटं ताठ करून फुगला तर रिंगा गेल्या. मिनिटभरच करा, आणि दाब असताना कुठलाही नट पकडायचा नाही. ३०० बारच्या नळीची गळती हाताने चाचपायची नाही, साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. बारीक छिद्रातून येणारी हवा कातडीत घुसते.

आणखी एक. मशीन बंद करून ब्लीड उघडलंत की टाकीकडचा काटा स्थिर राहायला हवा. तो उतरायला लागला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही, टाकीतली हवा मागे येतेय.

---

मुळशी_मुक्काम

माझीही तशीच तक्रार आहे म्हणून इथेच विचारतो. गळती कमी आहे, पण साइट ग्लासमध्ये तेल दुधाळ झालंय, चहात दूध घातल्यासारखं. हातमोजा लावून पाहिला, फुगत नाही. हेड ६५ ला असतं. रिंगाच का?

---

भोसरी_फिटर

नाही साहेब, तुमचं वेगळं आहे. दुधाळ म्हणजे तेलात पाणी. ते दोन वाटांनी येतं. हेडच्या पाण्याच्या वाटेतली ओ-रिंग किंवा पॅकिंग गेलं तर बादलीतलं पाणी थेट खाली उतरतं. तसं असेल तर मशीन न चालवता नुसता पाण्याचा पंप तासभर चालू ठेवा, साइट ग्लासमधली पातळी वाढलेली दिसेल. पातळी वाढली नाही तर ते हवेतलं बाष्प आहे. मुळशीच्या पावसात ते होणारच, विशेषतः मशीन रोज पाच-दहा मिनिटंच चालवत असाल तर. तेल पुरतं गरम होत नाही आणि आत आलेली वाफ बाहेर पडत नाही.

दोन्हींत तेल आधी बदला. दुधाळ तेल बेअरिंगला धरत नाही.

---

बावधनकर

तेलावरून आठवलं, कुठलं घालता सगळे? मी ४६ नंबरचं हायड्रॉलिक (यात नंबर मोठा तसं तेल जाड) घालतो, मशीनच्या पुस्तिकेत तेच आहे. एका मित्राने २०डब्ल्यू४० टाकलं, म्हणतो चालतं.

---

आकडेमोड

२०डब्ल्यू४० नको. इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट असतात, ते पाणी तेलात मिसळून धरून ठेवतात. इंजिनमध्ये ते चालतं कारण तिथे तेल गरम होऊन पाणी उडून जातं. इथे आपल्याला पाणी वेगळं होऊन तळाशी बसायला हवं. शिवाय त्या तेलाची राख डिलिव्हरी व्हॉल्व्हवर (दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेवर) काळा कोळसा होऊन बसते आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही.

---

भोसरी_फिटर

४६ हायड्रॉलिक पुस्तिकेत लिहिलंय ते खरं, पण पुण्यात एप्रिल-मे मध्ये ते फार पातळ पडतं असा माझा अनुभव. मी १०० नंबरचं सिंथेटिक कॉम्प्रेसर ऑइल घालतो. थंडीत सकाळी मशीन थोडं जड उठतं, म्हणून मिनिटभर मोकळं चालवायचं.

---

आकडेमोड

काका, इथे थोडा मतभेद नोंदवतो. तेल पिस्टनपर्यंत शिंतोड्याने पोचतं. जाड तेल तेवढं वर उडत नाही. छोट्या मशीनला ६८ मधलं वाटतं. सिंथेटिक घ्यायचं तर एस्टर आधारित आहे का तेही विचारावं, काही एस्टर तेलांत साध्या नायट्रायलच्या ओ-रिंगा फुगतात.

---

भोसरी_फिटर

ओ-रिंगांचं बरोबर आहे. ६८ ला माझी हरकत नाही. पातळी मात्र साइट ग्लासवरच्या लाल ठिपक्याच्या मध्यावरच. वर भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करतं, आणि जास्तीचं तेल रिंगांवरून वर चढून हवेत जातं. तिथून ते मुलांच्या रायफलच्या रेग्युलेटरमध्ये. म्हणून मी विकणाऱ्याचा सल्ला ऐकून दचकलो होतो.

---

पाणबुड्या

विषय थोडा वेगळा, पण माझ्याकडे डायव्हिंगची टाकी आहे आणि असाच कॉम्प्रेसर मिळतोय. चांगला फिल्टर लावून भरता येईल का?

---

भोसरी_फिटर

अजिबात नको. तापलेल्या तेलातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि साधा कोळशाचा फिल्टर तो अडवत नाही. पाण्याखाली दाबाबरोबर त्याचा विषारीपणा वाढतो. श्वासाची हवा फक्त त्यासाठी बनवलेल्या, तपासणी होत असलेल्या मशीनवरूनच भरा. यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

---

रेंजवाली

हातमोजा १२० बारलाच ताठ झाला. काकांनी सांगितल्याप्रमाणे दाब पूर्ण सोडून, प्लग काढून, दुसऱ्या स्टेजचा सिलिंडर भोसरीच्या ओळखीच्या फिटरकडून उघडवला. मी शेजारी उभी होते.

पिस्टन बोटाएवढा जाड, त्यावर बारीक रिंगा. वरच्या दोन रिंगांचे काप (रिंगेची दोन टोकं जिथे भेटतात ती फट) एका सरळ रेषेत आले होते, आणि त्या रेषेवर पिस्टनच्या अंगाला तपकिरी पट्टा उमटला होता, हवा तिथूनच खाली येत होती. तिसरी रिंग तुटून खाचेत अडकलेली. लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, सुदैवाने ओरखडा नव्हता, नखाला काही लागलं नाही. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या बैठकीवर कोळशाचा थर, तो लाकडी काडी आणि पेट्रोलने काढला, लोखंडाचं काही लावलं नाही.

नव्या रिंगांचे काप वेगवेगळ्या दिशांना ठेवले. सिलिंडरच्या बुडाची ओ-रिंग व्हायटॉनची घातली. शाफ्टला चर नव्हती, त्यामुळे आधी बदललेलं सील तसंच ठेवलं. तेल ६८. मग अर्धा तास मोकळं चालवलं, पुढे १०० बारपर्यंत थोडा वेळ, गार होऊ दिलं, मग २००.

आता जोड कोरडा आहे. पिंपाच्या पाण्यावर २५० बारला हेड ५२ दाखवतं. टाकी पूर्ण रिकामी होऊ न देता १८० च्या खाली गेली की वर भरायची असं ठरवलंय, आणि वीस मिनिटांनी मशीनला विश्रांती.

---

नाना_पेठ

छान झालं ताई. जुनं तेल फिल्टर कागदातून गाळून कागद उन्हात बघा. चकाकणारे कण पिवळे असतील तर पितळी बुशही घासलंय, राखाडी असतील तर ते रिंगांचेच.

---

भोसरी_फिटर

फार बरं वाटलं. हे तेल थोडे तास चालवून लवकरच काढून टाका, नव्या रिंगा बसताना बारीक चुरा सोडतात. सुरू करताना ब्लीड उघडं, बंद करतानाही आधी ब्लीड उघडून मिनिटभर मोकळं, मग स्विच. दाबावर मोटर उठवली की कपॅसिटर जातो. आणि लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर असेल तर काढा. ८-१० अँपिअर ओढणाऱ्या मोटरला व्होल्टेज कमी मिळालं की मोटर तापते, आणि लोक हेडला दोष देतात. हेडचा ताप आणि मोटरचा ताप वेगवेगळे तपासायचे.

बर्स्ट डिस्क (दाब मर्यादेबाहेर गेला की फुटून हवा सोडणारी सुरक्षेची चकती) फुटली तर तशीच डिस्क मागवा. तांब्याचा पत्रा कापून लावणारे मी पाहिलेत. मुलांच्या रेंजवर तसं कधी होऊ देऊ नका.

---

रेंजवाली

नक्की काका. मुलांच्या सिलिंडरच्या तारखाही तपासल्या. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सिलिंडर मुदतीत असणं ही खेळाडूची जबाबदारी आहे, कमाल १० वर्षं. दोन जुने सिलिंडर बाजूला काढले. एकच प्रश्न उरला : पावसाळ्यात साचलेलं पाणी काढायला ब्लीड किती वेळाने उघडायचं?

---

आकडेमोड

६.८ लिटर गुणिले ३०० म्हणजे साधारण २००० लिटर बाहेरची हवा. पावसाळ्यात २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला त्या हवेत सुमारे ४० ग्रॅम पाणी असतं. टाकीत वाफ म्हणून त्यातलं अर्धा ग्रॅमही राहू शकत नाही, बाकी सगळं पाणी होऊन कुठेतरी साचणारच, सेपरेटरमध्ये (हवेतलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात) नाही तर टाकीत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दर पाच मिनिटांनी, उन्हाळ्यात दहाला चालेल. उघडताना हळू, पांढरा फवारा संपून कोरडी हवा येईपर्यंत. पाणी सेपरेटरमधून येईनासं झालं तर आनंद मानू नका, त्याचं भोक चोंदलंय का बघा. फिल्टरची आण्विक चाळणी, म्हणजे ओल शोषणारे दाणे, पावसाळ्यात लवकर भरते, तिचं वजन नवी असताना लिहून ठेवा. वजन वाढून थांबलं की बदला.